ओळख जंतूंची की उत्तरांची?

२०२५ सालच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतील बळ एकाएकी ओसरण्याचा आजार पसरला आणि संशयित धरून रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. 'गुइलेन-बॅरे' हे त्या आजाराचे नाव आणि त्यामागे आढळलेल्या जंतूंपैकी एकाचे 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हे नाव सामान्य वाचकाने तेव्हा बहुधा प्रथमच ऐकले. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मात्र ते मुळीच नवे नव्हते. हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली समुद्रपक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखा दिसतो. ४२ अंश सेल्सिअस तापमानाला तो चांगला वाढतो. त्याला प्राणवायू हवा असतो पण थोडाच. आणि त्याच्यामुळे झालेल्या जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी क्वचित एखाद्या रुग्णाला लुळेपणा येतो, ही चार वाक्ये झोपेतून उठवून विचारली तरी त्याला सांगता आली असती. कारण ही चार वाक्ये म्हणजे प्रवेशपरीक्षेतले चार हमखास प्रश्न होत.

परंतु पाय जड झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला "गेल्या महिन्यात जुलाब झाले होते का?" असे आपण होऊन विचारणे, त्याच्या शौचाचा नमुना कशात घालून, किती वेळात आणि कोठे पाठवायचा हे जाणणे, आणि आपल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हा जंतू वाढवण्याची सोय आहे की नाही हे ठाऊक असणे, या गोष्टी त्या चार वाक्यांत बसत नाहीत. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत त्या विचारल्या जात नाहीत, आणि जे विचारले जात नाही ते शिकले जात नाही, हा शिक्षणव्यवहारातील जुना नियम येथेही लागू पडतो.

संसर्गजन्य रोग आणि वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र यांचा अभ्यास विद्यार्थी कोणत्या साधनांनी करतात, हा प्रश्न वरवर पाहता काही हजार विद्यार्थ्यांपुरता आणि त्यांच्या शिक्षकांपुरता आहे असे वाटेल. वस्तुतः तो आपल्यापैकी प्रत्येकाचा आहे. घरात कोणाला ताप आला की आपण ज्या डॉक्टरांकडे जातो, त्यांची चिठ्ठी याच साधनांतून आकाराला आलेली असते.

ग्रंथापासून प्रश्नपेढीपर्यंत

या विषयाची अभ्याससाधने आपल्याकडे दीर्घकाळ परदेशातून येत होती. मॅकी आणि मॅकार्टनी यांचे प्रात्यक्षिकांचे पुस्तक १९२५ सालचे, टॉप्ली आणि विल्सन यांचा बृहद्ग्रंथ १९२९ सालचा, तर जावेट्झ यांचे आटोपशीर पुस्तक १९५४ सालचे. ही पुस्तके उत्तम होती. पण त्यांतील रुग्णालये एडिंबरोची, लंडनची किंवा कॅलिफोर्नियाची होती. १९७८ साली आर. अनंतनारायण आणि सी. के. जयराम पणिकर या दोन केरळी प्राध्यापकांचे सूक्ष्मजीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ते घरोघरच्या पंचांगासारखे झाले. आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात.

या पुस्तकामागची एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. विषमज्वरावर, म्हणजे टायफॉइडवर, १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध मानले जात होते. १९७२ साली कोझिकोड येथे या औषधाला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. पणिकर यांनी सहकारी विमला यांच्यासह रुग्णांच्या रक्तातून मिळालेल्या जंतूंची तपासणी केली. औषधाला तोंड देण्याची ही शक्ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते असे त्यांना आढळले आणि हे निष्कर्ष त्याच वर्षी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्याने सहा वर्षांनी पाठ्यपुस्तक लिहिले, त्याने पुस्तकातील नियम आपल्याच रुग्णालयात मोडताना पाहिला होता, आणि तो का मोडला याचा शोध स्वतःच्या प्रयोगशाळेत घेतला होता. ग्रंथाला अधिकार येतो तो असा. त्यातील प्रत्येक विधानापासून एक वाट काचपट्टीपर्यंत आणि तेथून रुग्णाच्या खाटेपर्यंत जाते.

आज विद्यार्थ्याच्या हाती प्रामुख्याने असतो तो भ्रमणध्वनी. त्यात नामांकित शिक्षकांची ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने असतात, रंगीत चित्रांसह हजारो बहुपर्यायी प्रश्नांची पेढी असते, चुकलेल्या प्रश्नांची यादी असते आणि देशभरच्या स्पर्धकांत आपला क्रमांक कितवा हे सांगणारा तक्ताही असतो. शाळेतील 'अपेक्षित प्रश्नसंच' ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वस्तूची जात ओळखता येईल. फरक इतकाच की ती अधिक देखणी, अधिक महाग आणि अधिक कार्यक्षम आहे. काचपट्टीकडे जाणारी वाट मात्र तिच्यात सहसा आढळत नाही. तेथे जंतू चित्र म्हणून भेटतो आणि उत्तर म्हणून निरोप घेतो.

दोष विद्यार्थ्याचा नव्हे

या बदलाबद्दल विद्यार्थ्यांना दूषणे देण्याची रीत पडली आहे. ती अन्याय्य आहे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला दरवर्षी दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसतात. २१० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ६३ सेकंद. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. विषय १९, आणि सूक्ष्मजीवशास्त्र त्यांतील केवळ एक. ज्याच्या पुढील सबंध आयुष्याची दिशा या साडेतीन तासांवर ठरणार, त्याने सूक्ष्मदर्शकापुढे दुपार घालवावी अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला व्यवहारशून्य होण्याचा उपदेश करणे आहे. आंतरवासितेचे वर्ष हे खरे तर रुग्णाजवळ राहून शिकण्याचे. पण अनेकांचे ते वर्ष अभ्यासिकेत जाते, याचे कारणही हेच.

प्रश्नपेढीचा एक गुणही प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. ज्या महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथील विद्यार्थ्याला ती चांगल्या शिक्षकापर्यंत पोहोचवते. शिवाय, स्वतःला प्रश्न विचारून आठवण्याचा प्रयत्न करणे हे पुनःपुन्हा वाचत बसण्यापेक्षा अधिक टिकाऊ असते, असे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगाने दाखवून दिले आहे. आठवडा उलटल्यावर, केवळ वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना अधिक आठवत होते. पाठांतराचाही तिरस्कार करण्याचे कारण नाही. 'तानापिहिनिपाजा' म्हणत इंद्रधनुष्याचे रंग ज्यांनी पाठ केले, त्यांना त्या सात अक्षरांची किंमत ठाऊक आहे. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत दोष नाही. दोष काय विचारले जाते यात आहे.

'बासू' आणि विडाल

उदाहरण विषमज्वराचेच घेऊ. वैद्यकीय विद्यार्थ्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेले एक सूत्र आहे: 'बासू'. पहिल्या आठवड्यात ब्लड म्हणजे रक्तातून जंतू वाढवण्याची तपासणी, दुसऱ्यात अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी, तिसऱ्यात स्टूल आणि चौथ्यात युरिन. यांतील दुसरी तपासणी म्हणजेच फर्नांड विडाल यांनी १८९६ साली रूढ केलेली, आणि आपल्याकडे तापाच्या प्रत्येक रुग्णाला परिचित असलेली, 'विडाल'. सूत्र सोपे आहे आणि त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर कोणीही डोळे मिटून देईल.

असे असूनही गावोगावी घडते काय? ताप येऊन तीन दिवस झालेले असतात, विडाल केली जाते, अहवालात '१:८०' असा काहीसा आकडा येतो आणि "टायफॉइड निघाला" म्हणून औषध सुरू होते. आपल्यासारख्या देशात, जेथे विषमज्वर कायमचा मुक्कामाला आहे, तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही हे प्रतिपिंड थोड्या प्रमाणात सापडतात. म्हणून एकदाच केलेल्या विडालवर विसंबता येत नाही. रक्तातून जंतू वाढवणे हीच भरवशाची तपासणी, आणि ती प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी करावी लागते. 'बासू' पाठ असलेल्या डॉक्टरला हे ठाऊक नसते असे नाही. परंतु ज्ञान आणि कृती यांच्यामध्ये जो सराव लागतो, तो त्याच्याकडून कोणी करून घेतलेला नसतो.

परीक्षेतला प्रश्न असाही विचारता येईल: तापाचा चौथा दिवस, रुग्णाने दोन दिवस शेजारच्या दुकानातून आणलेले प्रतिजैविक घेतले आहे, विडाल १:८०, रक्ताचा नमुना अद्याप घेतलेला नाही. आता काय कराल, आणि कोणता अहवाल आल्यावर मत बदलाल? या प्रश्नाला 'बासू' उपयोगी पडते, पण पुरत नाही. तेथे विचार करावा लागतो.

एका आकड्याचे दोन अर्थ

क्षयाच्या तपासणीतील एक आकडाही असाच बोलका आहे. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार क्षयजंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. प्रश्नपेढीत हा एक आकडा आहे. बरोबर आला तर ४ गुण. पण ज्याने स्वतः काचपट्टीवर थुंकीचा थर दिला, कार्बॉल फुक्सिनचा लाल रंग तापवून चढवला, आम्लाने तो धुतला, मग मिथिलीन ब्लूचा निळा रंग दिला आणि एकेक क्षेत्र सरकवत त्या निळ्या पार्श्वभूमीवर एखादी बारीक लाल काडी शोधली, त्याला त्या आकड्याचा दुसरा अर्थ कळतो. काडी दिसली नाही म्हणजे क्षय नाही असे नव्हे; आणि रुग्णाने थुंकीऐवजी नुसती लाळ आणून दिली असेल, तर सगळा खटाटोप व्यर्थ आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, त्या देशातील डॉक्टरला हा दुसरा अर्थ ठाऊक असणे अगत्याचे आहे. गोव्यात विकसित झालेली 'ट्रूनॅट' चाचणी जनुकांवरून क्षयजंतू ओळखते आणि तिला २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु यंत्र कितीही चतुर असले तरी त्याच्यात घातलेला नमुना चांगला हवा. लाळेतून तेही फारसे काही सांगू शकणार नाही.

लघवीच्या तपासणीची कथा निराळी नाही. प्रति मिलिलिटर एक लाख जंतू ही संसर्ग मानण्याची परिचित मर्यादा सर्वांना पाठ असते. पण अनुकूल परिस्थितीत आतड्यातला ई. कोलाय हा जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत चौसष्टपट. ही गती रुग्णालयाच्या खिडकीत पडून राहिलेल्या बाटलीत थोडी मंदावेल, पण थांबणार नाही. सकाळी घेतलेला नमुना दुपारी प्रयोगशाळेत पोहोचला तर अहवालातील आकडा रुग्णाचा नसून त्या विलंबाचा असतो. बाटली कोणी आणि केव्हा न्यायची हा प्रश्न क्षुल्लक वाटतो; तो कोणत्याही प्रश्नपेढीत नाही; आणि अहवाल खरा की खोटा हे मात्र अनेकदा त्यावरच ठरते.

ज्ञानाला गाव असते, तारीखही असते

शरीररचनाशास्त्रातील हाडे मुंबईत आणि मँचेस्टरमध्ये सारखीच असतात, आणि शंभर वर्षांपूर्वी होती तशीच आजही आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राचे तसे नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या ज्या गावात सापडला, त्याचेच नाव घेऊन तो पुस्तकात गेला. क्यासनूरच्या जंगलातील माकडताप १९५७ साली कर्नाटकात प्रथम ओळखला गेला. २०१५-१६ च्या सुमारास तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग परिसरात येऊन पोहोचला. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना लेप्टोस्पायरोसिस हा शब्द शिकावा लागला. तळकोकणातील डॉक्टरला जो ताप प्रथम आठवला पाहिजे, तो धुळ्यातील डॉक्टरला आठवण्याची निकड नाही. देशभरासाठी एकच असलेली प्रश्नपेढी हा भेद करू शकत नाही.

तारखेचे महत्त्व तर त्याहून मोठे. विषमज्वराच्या जंतूने आधी क्लोरॅम्फेनिकॉलला हरवले. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे बहुतांशी निरुपयोगी केले. आणि पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून तो सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही जुमानेनासा झाला. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मधील अभ्यासाने २०२२ साली मांडला. अशा वेळी 'पसंतीचे औषध कोणते?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्या गावातले आणि कोणत्या वर्षातले, हे विचारल्यावाचून देताच येत नाही.

आणि हे उत्तर देणारे साधन प्रत्येक शिक्षण-रुग्णालयाच्या अंगणात आहे. १९६६ साली बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेली पद्धत आजही तेथे रोज वापरली जाते. पोषक थर असलेल्या बशीवर रुग्णाचा जंतू पसरायचा, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या, रात्रभर उबवायचे आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ किती मिलिमीटरचे आहे ते मोजायचे. वर्षभरातील अशा अहवालांची बेरीज केली की आपल्या रुग्णालयात कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो याचा तक्ता तयार होतो. त्याला 'अँटिबायोग्राम' म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ साली उभारलेल्या जाळ्यातून देशपातळीवरील असा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो आणि तो विनामूल्य मिळतो. प्रतिजैविकांच्या वापराविषयीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आणि परोपजीवी जंतूंची 'डीपीडीएक्स' ही अमेरिकी सरकारी चित्रशाळा यांनाही पैसा पडत नाही. अभ्यासाच्या सर्वोत्तम साधनांपैकी बरीचशी फुकट आहेत. पण त्यांना गुण नाहीत, म्हणून त्यांना वाचक नाहीत.

परीक्षा बदलली तरच

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने या दिशेने एक शहाणे पाऊल टाकले. जंतूंच्या याद्यांऐवजी रोगांच्या अंगाने विषय शिकवावा, आणि ग्रॅम व झील-नील्सन रंजन, शौचाची सूक्ष्मदर्शक तपासणी यांसारखी कामे विद्यार्थ्याने स्वतः करून प्रमाणित करून घ्यावीत, असे त्यात सांगितले आहे. पण वर्गातला अभ्यासक्रम एकीकडे आणि भवितव्य ठरवणारी परीक्षा दुसरीकडे असली, तर विद्यार्थी कोणत्या बाजूला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून सुधारणेचा आरंभ परीक्षेपासून व्हावयास हवा. प्रवेशपरीक्षेत संसर्गजन्य रोगांवरचे काही प्रश्न तरी एखाद्या रुग्णालयाचा अँटिबायोग्राम समोर ठेवून विचारावेत. तक्ता वाचता आल्याखेरीज उत्तर देता येऊ नये. यंत्राने तपासता येणाऱ्या बहुपर्यायी स्वरूपातही हे सहज शक्य आहे. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ओळीने मांडलेल्या बशा आणि बाटल्या ओळखण्यावरचा भर कमी करून, विद्यार्थ्याने वर्षभरात काही नमुने खाटेपासून अहवालापर्यंत स्वतः पोहोचवावेत आणि त्यांची नोंदवही परीक्षकासमोर ठेवून तोंडी उत्तरे द्यावीत. प्रत्येक शिक्षण-रुग्णालयाने आपला वार्षिक तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. आणि चांगल्या प्रश्नांची पेढी हवीच असेल, तर ती खाजगी वर्गांच्या शुल्कामागे दडलेली का असावी? सार्वजनिक विद्यापीठांतील प्राध्यापकांनी तयार केलेली, स्पष्टीकरणांसह सर्वांना खुली असलेली प्रश्नपेढी काढणे ही काही अवघड गोष्ट नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील. दोन लाख परीक्षार्थींची अशी परीक्षा घेणे खर्चिक, हा पहिला. आणि महाविद्यालयांत शिक्षक, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ अपुरे आहेत, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर असे की प्रश्न बदलायला यंत्रणा बदलावी लागत नाही. प्रश्न काढणाऱ्याला मात्र अधिक विचार करावा लागतो. दुसरा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो सबब म्हणून न वापरता मागणी म्हणून मांडला पाहिजे. रात्रीच्या वेळी कुलूप लागणारी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा हा रुग्णसेवेतला दोष आहेच. तो शिक्षणातलाही दोष आहे. रात्री दाखल झालेल्या रुग्णाचे रक्त सकाळपर्यंत थांबले, की उपचार अंदाजाने सुरू होतात आणि नवशिक्या डॉक्टरला अंदाजाचीच सवय लागते.

जंतू पुस्तके वाचत नाहीत आणि प्रवेशपरीक्षेच्या तारखाही पाळत नाहीत. ते आपल्या परिसरात, आपल्या औषधांच्या सहवासात रोज नवे काही शिकत असतात. त्यांच्याशी गाठ असलेल्या डॉक्टरला आयुष्यभर शिकत राहावे लागणार आहे. या शिकण्याची सवय विद्यार्थिदशेत लागते, आणि ती लावण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे परीक्षेत विचारलेला प्रश्न. आपण जसा प्रश्न विचारू तसा डॉक्टर आपल्याला मिळेल. उद्या आपल्या घरातील तापाचे निदान त्यालाच करावयाचे आहे.